संगणक अचानक बंद पडतो तेव्हा: उष्णता की वीज? गोव्यातल्या घरांसाठी तपासणीचा सविस्तर क्रम

संगणक चालता चालता बंद पडू लागला की बहुतेक घरांत पहिला उपाय ठरलेला असतो: विंडोज नव्याने टाकायचे. त्यात एक दिवस जातो, फोटो आणि हिशेबाच्या फायली इकडच्या तिकडे होतात आणि आठवड्याभरात संगणक पुन्हा तसाच बंद पडतो. निळा पडदा (बिघाड झाल्यावर विंडोज दाखवते तो, नव्या विंडोज ११ मध्ये काळा) किंवा कसलीही सूचना न दिसता जो संगणक खटकन विझतो, त्याचे दुखणे बहुधा सॉफ्टवेअरमध्ये नसते. ते उष्णतेत असते किंवा विजेत.

ही दोन दुखणी वरवर सारखी दिसतात, पण वेळेच्या बाबतीत त्यांचा स्वभाव अगदी वेगळा आहे. उष्णता चढत चढत येते: आधी पंख्याचा आवाज वाढतो, मग संगणक मंदावतो, मग बंद पडतो. वीज मात्र क्षणात दगा देते, आधी काहीच कळत नाही. म्हणून संगणक बंद पडला एवढेच न बघता तो कधी, कशानंतर आणि किती वेळाने बंद पडला हे बघितले, तर एकही सुटा भाग विकत न घेता निम्मे निदान हाती येते. खालचा सगळा क्रम याच फरकावर उभा आहे.

इंटरनेटवर सापडणारे बरेचसे सल्ले २०-२२ अंशांच्या कोरड्या खोलीसाठी लिहिलेले असतात. पणजीत मे महिन्याच्या दुपारी पारा ३३-३४ अंशांवर असतो आणि खोली जितकी तापते, जवळजवळ तितक्याच अंशांनी प्रोसेसरही जास्त तापतो. म्हणजे तिकडे ८० अंशांवर सुखाने चालणारी मांडणी आपल्याकडे ९२ ला पोचते. शिवाय वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस, किनाऱ्याचा खारा वारा, डिचोली-सत्तरीकडची तांबडी धूळ, जुन्या घरांतले वायरिंग आणि पावसात विजेच्या तारांवर पडणाऱ्या फांद्या व झावळ्या आहेतच.

आधी नोंद, मग हत्यार

स्क्रू काढण्याआधी दोन-तीन दिवस प्रत्येक घटनेची नोंद ठेवा. वेळ, तेव्हा काय चालू होते, घरातले दिवे लुकलुकले का, पंप किंवा एसी त्याच क्षणी सुरू झाला का, पंख्याचा आवाज आधी वाढला होता का, आणि बंद पडल्यावर संगणक परत कसा सुरू झाला. या शेवटच्या प्रश्नाकडे फारसे कोणी लक्ष देत नाही, पण सगळ्यात जास्त माहिती तोच देतो.

जड काम सुरू करून दहा-वीस मिनिटांनी बंद पडतो, लगेच चालू केला तर पुन्हा लवकर बंद पडतो, अर्धा तास थांबलात तर नीट चालतो: ही उष्णतेची खूण. खेळ सुरू होताना किंवा व्हिडिओ रेंडर करायला घेतल्याबरोबर त्याच सेकंदाला विझतो: एसएमपीएसकडे, म्हणजे घरची वीज संगणकाला लागणाऱ्या कमी व्होल्टेजमध्ये बदलणाऱ्या कॅबिनेटमधल्या पेटीकडे बघा. विझल्यावर बटण दाबून काहीच होत नाही, भिंतीवरचा स्विच बंद करून मिनिटभर थांबल्यावरच चालू होतो: एसएमपीएसच्या आतल्या संरक्षणाने स्वतःला कुलूप लावून घेतले आहे. सकाळी बटण तीन-चारदा दाबावे लागते, पण एकदा सुरू झाला की दिवसभर तक्रार नाही: आतले कपॅसिटर (वीज साठवणारे लहान भाग) म्हातारे झाल्याचे हे नेहमीचे लक्षण. आणि काही काम नसताना, केव्हाही, कशाहीनंतर बंद पडत असेल तर भिंतीवरचा सॉकेट, यूपीएस आणि रॅम यांच्यावर आधी संशय घ्या.

नोंदी चालू असतानाच महत्त्वाच्या फायलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर काढून ठेवा. पुढे संगणकावर मुद्दाम ताण टाकायचा आहे. ते करण्याआधी ही प्रत हवीच.

विंडोजला काय दिसले ते वाचा

पहिले काम, आपोआप होणारा रीस्टार्ट बंद करणे. कंट्रोल पॅनेलमधल्या सिस्टीम विभागात ॲडव्हान्स्ड सेटिंग्ज उघडा, तिथे स्टार्टअप अँड रिकव्हरीच्या खाली ‘ऑटोमॅटिकली रीस्टार्ट’ हा पर्याय असतो. त्याची खूण काढून टाका. आता बिघाड निळ्या पडद्याचा असेल तर पडदा तसाच थांबेल आणि त्यावरचा कोड तुम्हाला वाचता येईल. तरीही संगणक पडदा न दाखवता विझला, तर विंडोजला पडदा दाखवायलाही सवड मिळाली नाही, असे समजा.

मग स्टार्ट मेनूत ‘इव्हेंट व्ह्यूअर’ शोधा. विंडोज लॉग्जमधल्या सिस्टीममध्ये लाल खुणेची ‘कर्नल-पॉवर’ ४१ क्रमांकाची नोंद दिसेल. ती पाहून पुष्कळ जण लगेच एसएमपीएस बदलतात. ती नोंद एवढेच सांगते की मागच्या वेळी विंडोज रीतसर बंद झाले नव्हते. तपशिलात ‘बगचेक कोड’ शून्य असेल तर निळा पडदा आलाच नाही, वीज तुटली किंवा प्रोसेसरने स्वतःला बंद केले. शून्य नसेल तर कारण ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारे सॉफ्टवेअर), रॅम किंवा प्रोसेसर यांच्यापैकी असण्याची शक्यता जास्त. ४१ क्रमांकाच्या नोंदीवर वेळ असते ती पुन्हा सुरू झाल्याची. नेमका बंद कधी पडला ते ६००८ क्रमांकाच्या नोंदीत मिळते, ती वेळ तुमच्या टिपणाशी जुळवून पाहा. ‘डब्ल्यूएचईए-लॉगर’ नावाच्या नोंदी आसपास दिसल्या तर प्रोसेसर, मदरबोर्ड किंवा ग्राफिक कार्डाने हार्डवेअरची चूक कळवली आहे.

भिंतीपासून आत या

कॅबिनेट उघडण्याआधी बाहेरचे सगळे निकालात काढा. यूपीएस आणि एक्स्टेन्शन बोर्ड बाजूला ठेवून संगणकाची केबल थेट भिंतीवरच्या १६ किंवा ६ अँपियरच्या चांगल्या सॉकेटात लावा आणि दोन दिवस वापरा. बंद पडणे थांबले तर दोष यूपीएसचा किंवा एक्स्टेन्शन बोर्डचा, बहुधा यूपीएसचा. घरगुती यूपीएसमधली १२ व्होल्ट ७ अँपियर-अवरची बॅटरी आपल्या उष्ण हवेत दोन-तीन वर्षांत थकते. मग वीज एका क्षणासाठी जरी खाली आली तरी यूपीएस बॅटरीवर जायला जातो आणि तिथेच कोसळतो. माझ्या मते गावात ‘एसएमपीएस गेला’ म्हणून आणलेल्या संगणकांत खरी गेलेली असते ती यूपीएसची बॅटरी, म्हणून ही पायरी कधीच वगळू नये.

यूपीएसची ताकदही बघा. ६०० व्हीए लिहिलेला साधा यूपीएस प्रत्यक्षात साधारण ३६० वॅटच पेलतो. त्यावर ग्राफिक कार्ड असलेला संगणक आणि मॉनिटर दोन्ही टाकले, तर वीज जाण्याच्या क्षणी तो नकार देतो. काही स्वस्त यूपीएस बॅटरीवर असताना पायऱ्यापायऱ्यांची, ओबडधोबड लहर देतात आणि ॲक्टिव्ह पीएफसी (भिंतीतली वीज सुरळीत ओढणारे सर्किट) असलेल्या काही एसएमपीएसना ती मानवत नाही. अशी जोडी असेल तर शुद्ध साइन वेव्हचा, म्हणजे घरच्या विजेसारखी गुळगुळीत लहर देणारा यूपीएसच लागेल.

घराला इन्व्हर्टर असेल तर त्याच्या पाठीवरचा किंवा पुढचा स्विच बघा. तिथे साधा मोड आणि यूपीएस मोड असे दोन पर्याय असतात. वीज गेल्यावर चांगला एसएमपीएस सुमारे १६ मिलिसेकंद तग धरतो. यूपीएस मोडमध्ये इन्व्हर्टर साधारण तेवढ्या वेळात भार उचलतो, साध्या मोडमध्ये त्याला त्याहून जास्त वेळ लागतो. पंखे-दिव्यांना हा खंड जाणवतही नाही, संगणक मात्र पडतो.

आता पंप. विहिरीचा किंवा टाकीचा पंप सुरू होताना क्षणभर पुष्कळ करंट ओढतो, त्या क्षणी घरातले व्होल्टेज खाली बसते आणि दिवे मंद होतात. तुमच्या टिपणात संगणक बंद पडण्याची वेळ आणि पंपाची वेळ जुळत असेल तर संगणकात काहीही बिघडलेले नाही. इलेक्ट्रिशियनकडून पंप वेगळ्या सर्किटवर घ्या, किंवा संगणकासाठी व्होल्टेज सुधारणारा लाइन-इंटरॅक्टिव्ह यूपीएस घ्या. संध्याकाळी सगळ्या वाड्यावरच व्होल्टेज पडत असेल तर वीज खात्याकडे १९१२ वर तक्रार नोंदवा, ते काम तुमच्या यूपीएसचे नाही.

कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येतात, अशी तक्रार जुन्या घरांत फार ऐकू येते. याचा अर्थ एसएमपीएस खराब आहे असा बहुधा नसतो, अर्थिंग नाही असा असतो. एसएमपीएसच्या दारातल्या फिल्टरमध्ये लहान कपॅसिटर असतात, त्यांतून थोडा करंट कॅबिनेटच्या पत्र्यात उतरतो आणि अर्थिंगच्या तारेने जमिनीत जातो. ती तार नसेल तर तो तुमच्या बोटांतून वाट काढतो. इलेक्ट्रिशियनला सॉकेटवर तीन मोजमापे घ्यायला सांगा: फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ दोन्ही २३० व्होल्टच्या आसपास हवीत आणि न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. तीन पिनांच्या प्लगची अर्थिंगची पिन काढून दोन पिनांच्या सॉकेटात घुसवलेली असेल तर पुढची कुठलीही तपासणी करण्याआधी ते दुरुस्त करून घ्या. पावसाळ्यात ओल्या लादीवर अनवाणी उभे राहून संगणक हाताळू नका.

तापमान मोजा, अंदाज बांधू नका

एचडब्ल्यूइन्फो हा फुकट मिळणारा प्रोग्राम घ्या आणि त्याची सेन्सरची खिडकी उघडा. खाली ‘लॉगिंग’ सुरू करण्याचे बटण असते, ते दाबले की दर दोन सेकंदांची सगळी मोजमापे फायलीत उतरत राहतात. नेहमीसारखे काम करा. संगणक विझला की पुन्हा सुरू करून ती फाइल एक्सेलमध्ये उघडा आणि सगळ्यात शेवटची ओळ वाचा. तिथे प्रोसेसर ९८ अंशांवर असेल तर उष्णता. ५८ वर असेल आणि ग्राफिक कार्डही गार असेल तर वीज. एवढ्या कमी खर्चात एवढे नेमके उत्तर देणारी दुसरी चाचणी मला माहीत नाही.

आकडे कसे वाचावे? आपल्या खोलीत, एसीशिवाय, काम नसताना प्रोसेसर ४० ते ५५ अंश आणि भर कामात ७० ते ८५ अंश असेल तर ठीक. इंटेलचे बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसर १०० अंशांच्या जवळ पोचले की वेग कमी करतात. एएमडीच्या रायझन ७००० मालिकेतले काही प्रोसेसर तर भर कामात ९५ अंशांपर्यंत जाण्यासाठीच बनवले आहेत, त्यांचा ९५ आकडा एकटा पाहून घाबरू नका. तापमान फारच वर गेले तर प्रोसेसर स्वतःला वाचवायला वीज तोडतो. वेग कमी करणे ही आधीची पायरी आणि बंद पडणे ही शेवटची. मध्ये मंदावणे न दिसता थेट बंद पडत असेल तर उष्णतेवरचा संशय थोडा कमी करा.

आता ताण देणारे प्रोग्राम चालवून मुद्दाम ताण द्या. आधी फक्त प्रोसेसर: सिनेबेंच किंवा प्राइम९५, दहा मिनिटे. मग फक्त ग्राफिक कार्ड: फरमार्क, पाच-सात मिनिटे, समोर बसून. शेवटी ओसीसीटीची पॉवर चाचणी, जी दोघांनाही एकाच वेळी राबवते. एकेकटे पास झाले, तापमानही बरे राहिले आणि दोघे मिळून चालवल्यावर लगेच विझला, तर एसएमपीएस दोषी असण्याची शक्यता फार मोठी.

तापमान कोणत्या गतीने चढते तेही पाहा. ताण दिल्यावर चार-पाच सेकंदांत ५० वरून ९५: प्रोसेसरवरचा धातूचा कूलर त्याला नीट टेकलेला नाही, दोघांमधली उष्णता वाहून नेणारी पेस्ट सुकली आहे, पंखा फिरत नाही, किंवा पाण्याच्या कूलरचा पंप बंद आहे. पंधरा-वीस मिनिटांत हळूहळू चढून ९५: धूळ, कोंदट जागा किंवा तापलेली खोली. हे पडताळायला कॅबिनेटचे बाजूचे झाकण काढा, समोर टेबल फॅन लावा आणि तीच चाचणी पुन्हा घ्या. दहा अंशांनी उतरले तर हवा खेळत नव्हती. काहीच फरक पडला नाही तर कूलर काढावाच लागेल.

झाकण काढून पंखा लावणे ही चाचणी आहे, कायमचा इलाज नव्हे. उघड्या कॅबिनेटमध्ये आपल्याकडे पाल, मुंग्या आणि दमट धूळ तिन्ही शिरतात.

साफसफाई: आपल्याकडची धूळ उडत नाही, चिकटते

कोरड्या प्रदेशात फुंकर मारली की धूळ उडते. आपल्याकडे ती ओल धरते, स्वयंपाकघरातला तेलकट धूर आणि अगरबत्तीचा धूर तिला चिकटून राहतो, आणि पंखा व कूलरच्या ॲल्युमिनियमच्या पात्यांच्या मध्ये तिची घोंगडी तयार होते. बाहेरून पंखा स्वच्छ दिसतो, आतून हवा जायला वाट नसते. म्हणून वरवर ब्लोअर मारून समाधान मानू नका, पंखा सोडवून त्याच्या खाली बघा.

क्रम असा. संगणक बंद करा, प्लग काढा, मग पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरा म्हणजे आत उरलेला भार निघून जाईल. कॅबिनेट ओसरीत किंवा उजेडाच्या कोरड्या जागी न्या, पाऊस कोसळत असताना मात्र नको. उघड्या पत्र्याला हात लावून अंगावरची स्थिर वीज उतरवा. रंगकामाचा कोरा, मऊ ब्रश आणि हाताने धरायचा ब्लोअर पुरतो. ब्लोअर मारताना प्रत्येक पंख्याची पाती बोटाने किंवा काडीने धरून ठेवा, जोरात फिरला तर बेअरिंग खराब होते. पुढच्या जाळीमागचा फिल्टर काढून साबणाच्या पाण्याने धुवा आणि पूर्ण वाळल्यावरच परत बसवा. दमट दिवसांत त्याला अख्खा दिवस लागू शकतो.

टायरच्या दुकानातली हवा वापरू नका. आपल्या दमट हवेत त्या कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी साचते आणि हवेबरोबर पाण्याचे तुषार बोर्डावर उडतात. घरातला व्हॅक्यूम क्लीनरही बोर्डाजवळ नेऊ नका, त्याच्या नळीवर स्थिर वीज जमते.

एसएमपीएस बाहेरूनच, त्याच्या जाळीतून ब्लोअरने साफ करा. तो उघडायचा नाही. २३० व्होल्टचे आत ३२५ व्होल्ट डीसी होतात, ॲक्टिव्ह पीएफसी असेल तर ४०० च्या जवळ, आणि प्लग काढल्यानंतरही मोठ्या कपॅसिटरमध्ये काही काळ तो भार राहू शकतो. तो जीवघेणा आहे. ज्याच्याकडे तो भार उतरवण्याचे ज्ञान आणि साधन नाही, त्याने त्या पेटीचा स्क्रू फिरवू नये.

कूलर काढायची वेळ आली तर दोन गोष्टी सांभाळा. इंटेलच्या पेटीतल्या कूलरला चार खुंट्या असतात, त्या बाणाच्या दिशेने फिरवून वर ओढायच्या. परत लावताना समोरासमोरच्या तिरक्या जोड्या दाबायच्या आणि बोर्डाच्या मागून चारही आरपार आल्या आहेत का ते बघायचे. एक खुंटी अर्धवट बसणे हे चार-पाच सेकंदांत ९५ ला पोचण्याचे फार सामान्य कारण आहे. एएमडीच्या एएम४ बोर्डावर मात्र कूलर सरळ वर ओढला तर सुकलेल्या पेस्टला चिकटलेला प्रोसेसर सॉकेटातून उपटून येतो आणि पिना वाकतात. आधी दहा मिनिटे संगणक चालवून पेस्ट ऊन करा, मग सगळे बंद करून कूलर डावी-उजवीकडे हलकेच फिरवत सोडवा.

जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ कापडाने पुसा. हँड सॅनिटायझर नको, त्यात ग्लिसरीन असते. नवी पेस्ट प्रोसेसरच्या मध्यावर लहान वाटाण्याएवढी ठेवा आणि कूलर सरळ दाबून बसवा, ती आपोआप पसरते. तीन ते पाच वर्षांतून एकदा बदलली तर पुरे.

हात आत आहेच तर रॅमच्या पट्ट्या काढून त्यांचे सोनेरी काठ बघा. किनाऱ्याजवळच्या घरांत त्यांवर काळपट थर चढतो आणि त्यामुळेही संगणक मध्येच अडकतो. स्वच्छ खोडरबर हलक्या हाताने फिरवा, चुरा झटका, अल्कोहोलने पुसा, वाळू द्या, पुन्हा ‘टक’ आवाज येईपर्यंत बसवा.

शेवटी जागा. टेबलाच्या बंद कप्प्यात ठेवलेला संगणक स्वतःचीच ऊन हवा पुन्हा ओढत राहतो. मागे वीतभर मोकळी जागा हवी, जमिनीपासून थोडी उंची हवी, आणि पावसाचे तुषार येणाऱ्या खिडकीपासून तो दूर हवा.

एसएमपीएस: लेबल वाचायला शिका

स्वस्त कॅबिनेटबरोबर फुकट येणाऱ्या एसएमपीएसवर ४५० असा आकडा मोठ्या अक्षरांत असतो. त्याला महत्त्व देऊ नका. लेबलवर १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपियर लिहिले आहेत ते बघा. प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड दोघेही आपली जवळजवळ सगळी वीज तिथूनच घेतात. १२ व्होल्टला १६ अँपियर लिहिले असेल तर कामाची ताकद १९२ वॅट, नाव काहीही असो.

आता गरज मोजा. कोअर आय५-१२४०० प्रोसेसर भर वेगात ११७ वॅटपर्यंत जातो, आरटीएक्स ३०६० कार्ड १७० वॅटचे. बोर्ड, रॅम, डिस्क आणि पंखे मिळून साठएक वॅट धरले तर बेरीज साडेतीनशेच्या आसपास. ग्राफिक कार्डे क्षणभरासाठी आपल्या आकड्याच्या बरीच वर उडी मारतात, म्हणून अशा संगणकाला चांगला ५५० वॅटचा एसएमपीएस हवा. १९२ वॅटचा तिथे रोज मरणार. ग्राफिक कार्ड नसलेल्या साध्या कार्यालयीन संगणकाला मात्र ७५० वॅटचा विकणारा दुकानदार तुमचे पैसे वाया घालवतो.

तपासणीकडे येऊ. जळका किंवा माशासारखा वास, शिट्टीसारखा आवाज, जाळीतून दिसणारे फुगलेले कपॅसिटर, आत मरून पडलेली पाल: यांतले काहीही दिसले तर चाचण्या थांबवा आणि तो बदला. तसे काही नसेल तर सगळे कनेक्टर एकदा काढून घट्ट बसवा: २४ पिनांचा मोठा, प्रोसेसरजवळचा ४ किंवा ८ पिनांचा, आणि ग्राफिक कार्डाचे. मोठ्या कार्डाला एकाच केबलचे दोन फाटे लावण्यापेक्षा दोन वेगळ्या केबली द्या. नव्या १२+४ पिनांच्या कनेक्टरबाबत जास्त जपा. २०२२ मध्ये आरटीएक्स ४०९० कार्डांचे असे कनेक्टर वितळल्याच्या घटना जगभरातून आल्या होत्या आणि पूर्ण न बसलेला प्लग हे त्यांतले एक मोठे कारण निघाले.

मल्टिमीटर असेल तर हार्ड डिस्कच्या जुन्या चार पिनांच्या कनेक्टरवर काळी आणि पिवळी तार यांत १२ व्होल्ट, काळी आणि लाल यांत ५ व्होल्ट मोजता येतात. संगणकावर ताण असताना मोजा. १२ चा आकडा ११.४ ते १२.६ मध्ये आणि ५ चा ४.७५ ते ५.२५ मध्ये हवा. बाहेर गेला तर एसएमपीएस निश्चित दोषी. आत राहिला तरी तो निर्दोष ठरत नाही, कारण क्षणभराचा खड्डा मल्टिमीटरला दिसत नाही. प्रोग्राममध्ये दिसणाऱ्या व्होल्टेजवर तर निर्णय घेऊच नका, बोर्डावरची ती मोजमापे बरीच चुकतात.

२४ पिनांच्या कनेक्टरमधली हिरवी तार काळीला जोडून एसएमपीएस एकटा चालू करण्याची युक्ती कारागीर वापरतात. पंखा फिरला म्हणजे तो जिवंत आहे एवढेच कळते, तो भार पेलेल की नाही ते नाही. ‘पंखा फिरतोय, म्हणजे एसएमपीएस ठीक’ हा निष्कर्ष ऐकून पुष्कळांनी विनाकारण मदरबोर्ड बदलले आहेत.

खरी कसोटी एकच: पुरेशा ताकदीचा, खात्रीचा दुसरा एसएमपीएस दोन-तीन दिवस लावून बघणे. मित्राकडून मागा, किंवा दुरुस्ती करणाऱ्याला तसे करायला सांगा. एक सूचना अत्यंत महत्त्वाची: सुट्या केबलींचा, म्हणजे मॉड्युलर एसएमपीएस असेल तर त्याच्या स्वतःच्याच केबली वापरा. दुसऱ्या कंपनीच्या किंवा दुसऱ्या मॉडेलच्या केबली प्लगात बसतात, पण तारांचा क्रम वेगळा असू शकतो आणि हार्ड डिस्क त्याच क्षणी जळते. डिस्कबरोबर घरातले सगळे फोटो जातात.

नवा घेताना ८० प्लसचा शिक्का म्हणजे किती वीज वाया जात नाही त्याचा दाखला, टिकाऊपणाचा नव्हे. किमान पाच वर्षांची वॉरंटी आणि पक्के बिल यांना मी जास्त मान देतो. आतल्या कपॅसिटरचे आयुष्य दर १० अंश उष्णतेमागे साधारण निम्मे होते, त्यामुळे आपल्या हवेत चांगल्या आणि सुमार एसएमपीएसमधला फरक लवकर उघडा पडतो.

उष्णताही नाही, वीजही नाही, तर?

मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्राम पेन ड्राइव्हवर टाकून रात्रभर चालवा. एकही चूक दिसली तर रॅमची एकेक पट्टी वेगळी तपासा. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या स्वतःच्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये) रॅमचा वाढीव वेग चालू असेल तर तो बंद करून बघा. आणि प्रोसेसर इंटेलचा १३ व्या किंवा १४ व्या पिढीतला ताकदवान डेस्कटॉप असेल तर बायोस ताबडतोब अद्ययावत करा: जास्त व्होल्टेजमुळे त्यांतले काही प्रोसेसर अस्थिर होत असल्याचे २०२४ मध्ये इंटेलने मान्य केले, नवा मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचना) दिला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. ज्यांचे नुकसान आधीच झाले आहे ते बायोसने बरे होत नाहीत, ते बदलून मागावे लागतात.

लॅपटॉपला हाच वेळेचा नियम लागू आहे. गादीवर, उशीवर ठेवून वापरू नका, खालची जाळी मोकळी ठेवा. अडॅप्टर काढून फक्त बॅटरीवर आणि नंतर उलट चालवून बघितले तर दोष कुणाचा ते कळते. तळ किंवा टचपॅड फुगलेले दिसले तर चार्जिंग बंद करा आणि त्याच दिवशी बॅटरी काढून घ्या.

पावसाळा आणि बंद घर

मे अखेरीस आणि ऑक्टोबरमध्ये गडगडाट सुरू झाला की प्लग काढा, इंटरनेटच्या राउटरचाही. स्विच बंद करणे पुरेसे नाही. स्पाइक गार्ड वापरा, पण त्यातला संरक्षक घटक प्रत्येक झटक्याने झिजतो हे लक्षात ठेवून काही वर्षांनी बदला. पावसाळ्यात संगणक फारसा लागत नसला तरी दिवसाआड तासभर चालू ठेवा, आतली ऊब ओल धरू देत नाही.

मुंबई-पुण्याला राहणाऱ्यांची गावातली घरे चवथीला उघडतात, आणि जूनपासून बंद असलेला संगणक त्याच संध्याकाळी मुलांसाठी चालू केला जातो. असे करू नका. झाकण काढून तो कोरड्या खोलीत दिवसभर पंख्याखाली ठेवा, एसीची खोली असेल तर उत्तम. उन्हात ठेवू नका. प्लग, सॉकेट आणि कनेक्टर यांवर पांढरा किंवा हिरवट थर, मुंग्यांचे घर, पालीची अंडी आहेत का ते टॉर्चने बघा. मग आधी फक्त एसएमपीएसचा स्विच चालू करून पाच मिनिटे थांबा. घरातला ईएलसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) उडाला तर एसएमपीएसमध्ये ओल आहे: प्लग काढून आणखी एक दिवस वाळवा. दुसऱ्या वेळीही उडाला तर तो पुन्हा चालू न करता बदला. उडाला नाही तर संगणक सुरू करा, अर्धा तास काही जड काम न देता चालू ठेवा, तापमान बघा आणि मगच मुलांच्या हाती द्या.